मार्चची दुपार, तळ्याकाठची गावं आणि ऊन नेमकं कुठून : तुमचे प्रश्न

गेल्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती, की मार्चमध्ये स्वित्झर्लंडला जाणार असाल तर डोंगरावर चढायचा हट्ट सोडा आणि दुपारी तळ्याकाठच्या एका गावातून दुसऱ्या गावात चालत जा, बर्फ वर दिसत राहील आणि बूट कोरडे राहतील. त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आलेत की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, रागावू नका. बहुतेकांनी लेमानबद्दल विचारलंय, म्हणजे आपल्याकडे जिनिव्हाचं तळं म्हणून जे माहितीय ते, त्यामुळे सुरुवात तिथूनच.

प्रश्न : मार्चच्या शेवटी आम्ही दोघं लोझानमध्ये असू, एक दुपार मोकळी आहे. लावोच्या द्राक्षमळ्यांमधून चालायचं डोक्यात आहे. कुणी सांगतं सँ-साफोरँहून ल्युत्रीकडे चाला, कुणी सांगतं बरोब्बर उलट. दिशेने खरंच काही फरक पडतो का? आणि एका दुपारी सगळं होईल का?

उत्तर : पडतो हो, आणि चांगलाच पडतो. लावो तळ्याच्या उत्तर काठावर आहे, सगळा उतार दक्षिणेकडे तोंड करून बसलेला. दुपारी सूर्य नैऋत्येला असतो. म्हणजे तुम्ही पश्चिमेकडे, ल्युत्रीच्या दिशेने चाललात की ऊन थेट डोळ्यात, आणि एकदा नाही दोनदा, कारण खालून पाणीही तेच ऊन परत वर फेकतं. फोटोत माणसं काळी, डोंगर धुरकट, कपाळावर हात धरून चालायचं. तेच पूर्वेकडे चाललात तर सूर्य पाठीशी, जरा उजवीकडे, आणि समोर तळ्याच्या टोकाला दाँ द्यु मिदीची ती दातेरी रांग (सर्वात उंच सुळका ३२५७ मीटर) पूर्ण उजेडात. उजव्या हाताला पाण्यापलीकडे फ्रान्सचे डोंगर असतात, ते मात्र दुपारनंतर निळसर-काळेच दिसतात कारण ऊन त्यांच्या मागून येतं, त्यांच्यासाठी सकाळ चांगली. सकाळी चालणाऱ्यांना ल्युत्रीच्या दिशेने जा म्हणणं बरोबर आहे, त्यामुळे तुम्हाला उलट-सुलट सांगणारे दोघंही खोटं बोलत नाहीयेत, फक्त कुठल्या वेळेला ते सांगायचं विसरतायत.

आता सगळं होईल का. ल्युत्री ते सँ-साफोरँ साधारण ११ किलोमीटर. तिथल्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ लिहिलेली असते, आणि ती वेळ तासाला ४.२ किलोमीटर या चालीने, कुठेही न थांबता काढलेली असते. न थांबता! त्या वाटेवर न थांबता चालणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय. पाटीवरच्या वेळेत निदान अर्धी वेळ अजून मिळवा आणि मग ठरवा. माझं मत विचाराल तर एका दुपारी पूर्वेकडचा अर्धाच करा, क्युयीला ट्रेनमधून उतरायचं, तिथून एपेस, मग देझालेचा तो सर्वात उभा उतार, रिव्हा आणि सँ-साफोरँ. सहाएक किलोमीटर होतात. या प्रत्येक गावाला खाली स्टेशन आहे, लोकल ट्रेन थांबते, कंटाळा आला किंवा ढग आले की उतरा आणि निघा. ल्युत्रीकडची बाजू वाईट नाही पण तिथे शहराजवळ असल्यासारखं वाटत राहतं.

आणि एक, मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात. शनिवारी सूर्य सातच्या आत मावळतो आणि रविवारी तोच आठच्या सुमारास. तुमची मोकळी दुपार त्याच्या आधीची की नंतरची ते बघून घ्या, निघायची वेळ त्यावर ठरेल.

प्रश्न : मार्चमध्ये द्राक्षाच्या वेलींवर पानंच नसतात असं ऐकलं. मग नुसते खुंट बघत चालायचं का? पैसे वाया गेल्यासारखं वाटेल ना?

उत्तर : पानं नसतात, खरंय. नवे कोंब फुटायला एप्रिल उजाडतो. हिरवंगार लावो ज्या पोस्टकार्डवर असतं ते उन्हाळ्यातलं. पण मला विचाराल तर पानं नसतानाच ती जागा नीट कळते, कारण तेव्हा भिंती दिसतात. दगडी बांधांची एकूण लांबी ४०० किलोमीटरहून जास्त भरते, आणि कुठेकुठे एकावर एक चाळीस पायऱ्यांपर्यंत हे मळे चढत गेलेत. बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठातल्या साधूंनी हा उतार फोडून वेली लावायला घेतल्या, देझाले त्यांचंच. उन्हाळ्यात हे सगळं पानांखाली झाकलेलं असतं, माणूस हिरवं हिरवं बघून पुढे जातो.

शिवाय मार्चमध्ये काम चालू असतं. छाटणी उरकत आलेली असते, वेलींच्या मधल्या पट्ट्यात कापलेल्या काड्यांचे ढीग, एका वेलीवर जेमतेम एक-दोन काड्या ठेवून त्या तारेला वाकवून बांधलेल्या. उतार इतका उभा की ट्रॅक्टर बऱ्याच ठिकाणी जातच नाही, त्यासाठी एकाच रुळावर दात्यांनी चढणारी छोटीशी गाडी असते, तुम्हाला वाटेत भिंतीच्या कडेने जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीवर जाणारा एक लोखंडी रूळ दिसेल तो तिचाच, सुगीला द्राक्षांचे क्रेट त्यावरून येतात. त्याच्यावर मुलांना बसवून फोटो काढू नका प्लीज.

आणि भिंतीला हात लावून बघा. गॅस बंद केल्यावर तवा जसा बराच वेळ तापलेला राहतो तसे हे दगड ऊन गेल्यावरही गरम असतात. तिथले लोक म्हणतात लावोला तीन सूर्य आहेत, एक आकाशातला, एक पाण्यातून परत आलेला आणि एक भिंतीत साठलेला. टुरिझमवाल्यांनी हे वाक्य वापरून वापरून गुळगुळीत केलंय पण खोटं नाही. मार्चमधल्या चांगल्या उन्हाच्या दुपारी भिंतीच्या फटीतून बोटभर पाली बाहेर येऊन दगडाला अंग चिकटवून बसलेल्या असतात, तपकिरी, पाठीवर जाळीदार नक्षी, तुमची सावली पडली की सटकन आत, आणि तुम्ही दोन मिनिटं गप्प उभे राहिलात की आधी डोकं बाहेर, मग पुढचे दोन पाय, मग सगळी. समोर बर्फाचे डोंगर आणि नाकासमोर ऊन खाणारी पाल, हे मला तरी हिरव्या पानांपेक्षा भारी वाटतं. पैशांचं तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : एवढी सुंदर जागा, खाली तळं, वर बर्फ, आणि एकही टॉवर नाही की रिसॉर्ट नाही, हे कसं काय जमलं त्यांना?

उत्तर : मतदान करून. सत्तरच्या दशकात तिथेही बंगले चढायला लागलेच होते. फ्रान्झ वेबर नावाचे एक पत्रकार-कार्यकर्ते होते, त्यांनी सह्या गोळा करून ‘लावो वाचवा’ म्हणून प्रस्ताव आणला आणि १९७७ मध्ये व्हो कँटनच्या (कँटन म्हणजे तिथलं राज्य) लोकांनी तो मंजूर केला, म्हणजे लावोचं संरक्षण थेट कँटनच्या घटनेत गेलं. २००५ मध्ये पुन्हा मतदान, पुन्हा मंजूर. २००७ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. २०१४ मध्ये वेबरनी नियम अजून कडक करायचा प्रस्ताव आणला तो मात्र लोकांनी पाडला आणि सरकारचा जरा सौम्य पर्याय घेतला. म्हणजे तिथेही सगळे एकमताने नव्हतेच, मळेवाल्यांचं म्हणणं होतं की आम्हाला साधी शेड बांधायची पंचाईत करू नका, आणि त्यात तथ्य आहे. जागा जपायची म्हणजे तिथे काम करणाऱ्याला काचेच्या कपाटात ठेवायचं असं नसतं ना.

गावं इतकी दाटीवाटीची, घराला घर चिकटलेलं, एक माणूस जाईल एवढ्या गल्ल्या, हे मात्र कायद्यामुळे नाही. उन्हाची जमीन वेलींसाठी, राहायला उरलेली, एवढा साधा हिशोब. सँ-साफोरँला गेलात की चर्चमध्ये डोकावा, आत रोमन काळातला मैलाचा दगड ठेवलाय, क्लॉडियस बादशहाच्या वेळचा. म्हणजे या काठाने चालत जाणारे आपण काही पहिले नाही.

प्रश्न : सोबत सासूबाई आहेत, वय ७१, गुडघे दुखतात, पण चालायची हौस दांडगी. चढ-उतार अजिबात नको. बर्फाचे डोंगर मात्र दिसलेच पाहिजेत असं त्यांनी बजावून सांगितलंय. काही आहे का?

उत्तर : सासूबाईंना लावोला नेऊ नका ताई. रस्ते डांबरी-सिमेंटचे असले तरी उतार गुडघ्याला सोडत नाही, आणि चढण्यापेक्षा उतरणं जास्त लागतं हे त्यांना मी सांगायची गरज नाही. त्यांच्यासाठी त्याच तळ्याकाठची व्हेवे ते माँत्रो ही वाट. सगळी वाट पाण्याला लागून, सपाट, फरसबंद, दर थोड्या अंतरावर बाक. सात-आठ किलोमीटर होतात, पण सगळी चालायची कुणी शपथ घातलेली नाही, कारण वरच्या रस्त्यावरून २०१ नंबरची बस अख्ख्या काठाने व्हेवेहून माँत्रो, शियाँ करत व्हिलनव्हपर्यंत जाते. पाय बोलायला लागले की एक गल्ली चढायची आणि बस पकडायची. वाट पूर्वेकडेच जाते, म्हणजे ऊन पाठीशी, आणि दाँ द्यु मिदी सतत समोर, सासूबाईंची अट पूर्ण.

व्हेवेला काठावर चार्ली चॅप्लिनचा पुतळा आहे, १९५३ पासून १९७७ मध्ये वारेपर्यंत ते तिथेच वरच्या बाजूला कोर्सिएला राहत होते. आणि त्याच्या समोरच पाण्यात भलामोठा स्टीलचा काटा-चमच्यातला काटा रोवलाय, दोन मजली घराएवढा. नेस्लेचं मुख्य ऑफिस त्याच गावात, काट्यामागे त्यांचंच खाद्यपदार्थांचं म्युझियम. हा काटा सुंदर आहे की नाही यावर घरात वाद होऊ द्या, चालताना बोलायला विषय होतो.

दमलात तर माँत्रोला थांबा. पण अंगात जोर असेल तर पुढे शियाँच्या किल्ल्यापर्यंतचा पट्टा सोडू नका, माँत्रोपासून तीनेक किलोमीटर, किल्ला थेट पाण्यात खडकावर. तिथेही तीच बस.

प्रश्न : दादा, आम्ही चौघी मैत्रिणी इंटरलाकेनला राहणार आहोत. त्या कोरियन सिरीयलमधला लाकडी धक्का ज्या गावात आहे ना, इझेल्टवाल्ड, तिथे ब्योनिगेनहून तळ्याकाठाने चालत जायचा प्लॅन आहे, दुपारी तीनला निघू. मार्चचा दुसरा आठवडा. ओके ना?

उत्तर : तीनला नको, आणि खरं सांगू का, मार्चमध्ये ती बाजूच नको. ब्रीएन्झचं तळं लांबट आहे, दोन्ही बाजूंनी डोंगर थेट पाण्यात उतरलेले, आणि इझेल्टवाल्ड त्याच्या दक्षिण काठावर. म्हणजे डोंगर तुमच्या पाठीशी दक्षिणेला, आणि मार्चमध्ये भर दुपारी बारालाही सूर्य तिकडे क्षितिजापासून चाळीसेक अंशच वर असतो, त्यानंतर तो खालीच येणार. लवकरच डोंगराआड. पलीकडचा काठ उन्हात न्हालेला आणि तुम्ही सावलीत दात वाजवत, असं होतं. सावलीतल्या वाटेवर पहाटेचं गोठलेलं पाणी दुपारीही तसंच असतं, झाडाखाली तर हमखास, पांढऱ्या बुटांत पाय घसरायला वेळ लागत नाही.

तर असं करा, धक्का बघायचाच असेल तर सकाळी अकरा-बाराच्या सुमारास १०३ नंबरच्या बसने जा, फोटो काढा, परत या. धक्क्यावर जायला २०२३ पासून ५ फ्रँक घेतात, फिरतं गेट लावलंय, कारण एवढ्याशा गावात रोज इतकी गर्दी व्हायला लागली की लोकांना स्वतःच्या दारातून निघणं अवघड झालं. रागावू नका, भरा आणि गप फोटो काढा. किंवा न भरता काठावरून तळं बघा, तळं तेच आहे.

आणि दुपारची चाल समोरच्या काठावर करा. ओबररीडहून एब्लिगेन करत ब्रीएन्झला. तिथे उतार दक्षिणेकडे, ऊन शेवटपर्यंत राहतं, गावं लहान, लाकडी घरं उन्हाने काळवंडलेली, आणि काठाने इंटरलाकेन-ब्रीएन्झ ट्रेन जाते ती या सगळ्या गावांना थांबते. ब्रीएन्झ लाकडाच्या कोरीवकामाचं गाव, ब्रुनगासे नावाची जुनी गल्ली आहे तिथून चक्कर मारा. बोटीचं मनात असेल तर विसरा, ब्रीएन्झच्या तळ्यावर हिवाळ्यात बोटी बंद असतात, एप्रिलच्या आसपास सुरू होतात.

अजून एक, पाण्याचा तो दुधाळ फिरोजी रंग तुम्ही रीलमध्ये बघितलाय तो उन्हाळ्याचा. हिमनद्यांखाली दगड घासून त्याची जी पिठासारखी भुकटी होते ती बर्फ वितळला की नद्यांमधून तळ्यात येते आणि पाणी तसं दिसतं. मार्चमध्ये वर अजून सगळं गोठलेलंच, नद्यांना पाणी कमी, त्यामुळे तळं जास्त नितळ आणि गडद असतं. मला ते जास्त आवडतं, पण तुम्ही फिरोजी ड्रेसवर मॅचिंग करणार असाल तर आधीच सांगितलेलं बरं.

प्रश्न : थर्मल घालायचं का? तापमान किती असतं? आणि ‘बीझ’ म्हणजे काय, हॉटेलवाल्याने मेलमध्ये लिहिलंय की बीझ असेल तर चालायला जाऊ नका.

उत्तर : मार्चच्या उत्तरार्धात लेमानच्या काठी दुपारी १० ते १२ अंश, रात्री तीन-चार. उन्हात भिंतीच्या आडोशाला जॅकेट काढावंसं वाटतं आणि ढग आला की दोन मिनिटांत परत चढवावं लागतं. पातळ पातळ दोन-तीन कपडे, वरून वारा अडवणारं काहीतरी. थर्मल लागलंच तर खालचं नको, चालताना घाम येतो.

बीझ हा ईशान्येचा कोरडा, गार वारा. एका बाजूला आल्प्स, दुसऱ्या बाजूला जुराचे डोंगर, मधल्या बोळातून तो दाबला जातो आणि जिनिव्हाकडे येईपर्यंत जोर धरतो. जानेवारी २००५ मध्ये जिनिव्हाजवळच्या व्हेर्स्वाला याच वाऱ्याने तळ्याच्या लाटांचं पाणी काठावरच्या गाड्या, बाक, झाडं यांच्यावर उडवून जागच्या जागी गोठवलं होतं, ते फोटो तुम्ही कुठे ना कुठे बघितले असतील. मार्चमध्ये एवढं होत नाही. पण गंमत अशी की बीझ असते तेव्हा बऱ्याचदा आकाश निळंभोर असतं, खिडकीतून बघणारा म्हणतो वा काय हवा पडलीय, आणि बाहेर पाऊल टाकलं की कान तुटायला येतात. हॉटेलवाल्याचं ऐका. किंवा लावोला जा, तिथे मागच्या चढाचा थोडा आडोसा मिळतो, पाण्याकाठच्या उघड्या वाटेवर तेवढं नका जाऊ.

प्रश्न : आजूबाजूला एवढा बर्फ असताना तळं कसं गोठत नाही? पाय बुडवता येतील का?

उत्तर : खोल आहे म्हणून. लेमान ३१० मीटरपर्यंत खोल, क्षेत्रफळ ५८० चौरस किलोमीटरच्या आसपास. पृष्ठभागावरचं पाणी गार झालं की जड होऊन खाली जातं आणि खालचं कमी गार पाणी वर येतं, एवढा मोठा साठा चार अंशांपर्यंत उतरेपर्यंत हिवाळा संपतो. जिनिव्हाजवळचा उथळ भाग फार कडक थंडीत कडेने गोठतो तेवढंच. आणि याच साठवलेल्या उबेवर ती द्राक्षं जगतात. पाय बुडवता येतील, मार्चमध्ये पाणी सहा-सात अंश असतं, किती सेकंद ते तुम्ही ठरवा.

प्रश्न : वाटेत खायला काय मिळेल? आम्ही शाकाहारी, आणि दुपारी उशिराच जेवतो.

उत्तर : उशिरा जेवत असाल तर उपाशी राहाल. गावातल्या रेस्टॉरंटचं किचन दुपारी दोनच्या सुमारास बंद होतं ते संध्याकाळीच उघडतं, मधल्या वेळेत कॉफी मिळेल, कधी केक, बाकी नाही. आणि रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांतली सोडून. म्हणून लोझान स्टेशनवरच ब्रेड, चीज, फळं घ्या, पिशवीत टाका आणि बाकावर बसून खा, तिथले लोकही तेच करतात. पाणी विकत घेऊ नका, प्रत्येक गावात दगडी हौद असतो, नळ सतत वाहता, पिण्यालायक नसेल तर तशी पाटी लिहिलेली असते. कॉफी पाच फ्रँकच्या आसपास, रुपयांत हिशोब करत बसू नका, ती थंड होते.

प्रश्न : मुलांना बर्फात खेळायचंय. काठावर मिळेल का?

उत्तर : काठावर नाही. व्हेवेहून ले प्लेयादला छोटी ट्रेन जाते, साधारण १३६० मीटरवर, मार्चमध्ये बर्फ कधी भरपूर कधी नुसते पांढरे ठिगळ. खात्रीने हवा असेल तर माँत्रोहून रोशे द ने, २०४२ मीटर, दातेरी रुळावरची ट्रेन. सकाळी वर, दुपारी खाली काठावर चालायला, एका दिवसात दोन्ही होतं. पण आधी गाडी वरपर्यंत चालू आहे का ते त्या दिवशी सकाळी बघूनच तिकीट काढा.

प्रश्न : समोर फ्रान्स दिसतं तर बोटीने जाऊन येता येईल का? व्हिसा?

उत्तर : येईल. लोझानच्या उशी नावाच्या धक्क्यावरून एव्हियाँला वर्षभर बोट आहे, पाऊण तासाच्या आत पोचता. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, पासपोर्ट जवळ ठेवा, युरो थोडे ठेवा. तिकडून लावोचा अख्खा उतार एका नजरेत दिसतो. फक्त परतीच्या बोटीची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा, मार्चचं टाइमटेबल उन्हाळ्याचं नसतं.